पिल्लू सारखं मोठ्या मांजरीच्या अंगावर जायचं, ते असं थांबवलं

आमची मनी आठ वर्षांची, एकदम शांत, आणि नवीन पिल्लू तीन महिन्यांचं. मनी झोपली रे झोपली की हे शेपटीवर झडप घालणार, मानेला चावणार, मग ती फिस्स करून पलंगाखाली.

खेळ असेल तर फारसा आवाज नसतो, नखं आत असतात आणि आळीपाळीने एकमेकांच्या मागे पळतात. पण कान मागे चपटे, गुरगुर, केस ताठ आणि दरवेळी एकच पळतंय, असं दिसलं की मी मध्ये पडायचे, हात न घालता, दोघांच्या मध्ये उशी सरकवून.

खरा फरक पडला तो पिल्लाला आधीच दमवल्यामुळे. काठीला दोरी आणि टोकाला पीस, ते जमिनीवरून सरपटत न्यायचं, पडद्यामागे लपवायचं, पिल्लू दबा धरतं, मागचा भाग हलवतं आणि झेपावतं, शेवटी एकदा नीट पकडू द्यायचं आणि लगेच जेवण, मग अंग चाटून गाढ झोपतं. हे सकाळ-संध्याकाळ न चुकता.

मनीला कपाटावर जागा केली, तिथे पिल्लाची उडी पोचत नाही. ती फिस्स करते म्हणून तिला अजिबात ओरडू नका, किती जोरात चावायचं नाही हे पिल्लाला तीच शिकवते. रात्री वेगळ्या खोल्या, लिटर ट्रे (मांजरांच्या शी-शूसाठी वाळूचा ट्रे) तीन. आणि मोठी मांजर खायची बंद झाली किंवा जखम दिसली तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.