हो म्हणाला तर? फ्री एजंटला आर्बिट्रेशन देताना या चुका टाळा

दुपारी बाराला टेकलेल्या पाहुण्याला आपण "आता जेवूनच जा" म्हणतो. तो "नको, घरी वाट बघताहेत" म्हणतो आणि दोघांचीही सुटका होते. पण एखादा "बरं, वाढा" म्हणत पाटावर बसतो आणि आत पोळ्या मोजायला सुरुवात होते. डिसेंबर २००२ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज या अमेरिकी बेसबॉल क्लबकडे नेमकं हेच झालं. पाहुण्याचं नाव ग्रेग मॅडक्स, त्यांचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज.

आधी तेव्हाचा नियम. करार संपून खेळाडू फ्री एजंट झाला की जुना क्लब त्याला सॅलरी आर्बिट्रेशन देऊ करू शकत असे. म्हणजे एक वर्ष आमच्याकडेच खेळ. पगारावर एकमत झालं तर ठीक, नाहीतर फेब्रुवारीत लवादापुढे जाऊ. दोन्ही बाजू आपापला आकडा मांडणार आणि लवाद त्यातला एकच निवडणार, मधला नाही. खेळाडू नको म्हणून दुसरीकडे गेला आणि तो वरच्या श्रेणीतला असेल, तर जुन्या क्लबला भरपाई म्हणून ड्राफ्ट पिक, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) एक जादा निवड. क्लबने ऑफरच दिली नाही तर भरपाई शून्य. त्यामुळे ऑफर देताना क्लबच्या मनात बहुतेक वेळा एकच इच्छा असे: याने नको म्हणावं.

आयपीएलच्या राइट टू मॅचशी याची गल्लत करू नका. तिथे दुसऱ्याची बोली ऐकून मग हात वर करता येतो. इथे बाजारभाव कळायच्या आत क्लबला बोलावं लागतं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: नकार गृहीत धरणं

ब्रेव्ह्जचे जनरल मॅनेजर जॉन शूरहोल्झ यांनी त्या हिवाळ्यात पिचिंगची फळी नव्याने बांधायला घेतली होती. टॉम ग्लॅव्हिन न्यूयॉर्क मेट्सकडे गेला होता. त्याच्या जागी माइक हॅम्प्टन, पॉल बर्ड आणि रस ऑर्टिझ आले होते. मॅडक्स जाणार आणि त्याच्या बदल्यात पिक मिळणार, असा हिशेब. शिवाय त्याचा एजंट स्कॉट बोरास, म्हणजे तो लांबलचक करारच शोधणार, असंही सगळे धरून चालले होते. उत्तर देण्याच्या मुदतीच्या दिवशी, १९ डिसेंबरला, मॅडक्सने होकार कळवला.

बजेटमध्ये त्याच्यासाठी जागाच नव्हती. दुसऱ्याच दिवशी ब्रेव्ह्जनी केव्हिन मिलवूड हा त्या मोसमात १८ सामने जिंकलेला पिचर फिलाडेल्फिया फिलीजला देऊन टाकला. फिलीज म्हणजे त्यांच्याच डिव्हिजनमधले प्रतिस्पर्धी. हाती आला जॉनी एस्ट्राडा नावाचा तरुण कॅचर. पुढच्या एप्रिलमध्ये मिलवूडने फिलीजकडून नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट दिला नाही. मॅडक्सचा पगार ठरला १ कोटी ४७ लाख ५० हजार डॉलर, बेसबॉलमधला तोपर्यंतचा सर्वात मोठा एक वर्षाचा करार.

एस्ट्राडा २००४ मध्ये ऑल-स्टार झाला, मॅडक्सनेही २००३ मध्ये १६ सामने जिंकले. म्हणजे सगळंच पाण्यात गेलं असं नाही. पण मिलवूडला विकायचं हे कुणी शांतपणे बसून ठरवलेलं नव्हतं. एका होकाराने एका रात्रीत ते ठरवून टाकलं.

हाच क्लब डिसेंबर २००९ मध्ये पुन्हा तिथेच अडखळला. बिली वॅगनर आणि ताकाशी सायतो या दोन अनुभवी रिलीफ पिचर्सना (सामन्यात नंतर उतरणाऱ्या पिचर्सना) करारबद्ध करून झालं होतं, आणि रफाएल सोरियानोला आर्बिट्रेशनही देऊन ठेवलं होतं. सोरियानो हो म्हणाला. मग त्याला टॅम्पा बे रेजकडे पाठवून जेसी चावेझ आणावा लागला. २०१० मध्ये सोरियानोने रेजसाठी ४५ सेव्ह केले, म्हणजे तितक्या सामन्यांत शेवटी येऊन आघाडी राखली. गंमत म्हणजे रेजनी वर्षाअखेरीस त्यालाच ऑफर दिली, तो न्यूयॉर्क यँकीजकडे गेला आणि यँकीजचं पहिल्या फेरीचं पिक रेजच्या पदरात पडलं. ऑफर तीच, खेळाडू तोच. फरक इतकाच की ४५ सेव्हनंतर बाजार त्याला मोठा करार देणार हे उघड होतं.

दुसरी चूक: गेल्या वर्षीच्या पगाराकडे बघून घाबरणं, किंवा न घाबरणं

२००८ च्या शरद ऋतूत अमेरिकेत मंदीने डोकं वर काढलं होतं. यँकीजचा आउटफिल्डर बॉबी अब्रेयू त्या वर्षी १ कोटी ६० लाख डॉलर घेत होता. यँकीजनी त्याला आर्बिट्रेशन दिलंच नाही आणि पिकवर पाणी सोडलं. चाहत्यांनी डोकं धरलं: एवढा मोठा खेळाडू, फुकटात सोडला! फेब्रुवारीत अब्रेयूने लॉस एंजेलिस एंजल्सशी करार केला, तो ५० लाख डॉलरचा.

माझं मत तेव्हाही यँकीजच्या बाजूने होतं, आजही आहे. लवाद पगार ठरवताना खेळाडूची कामगिरी, त्याचा आधीचा पगार आणि तशाच अनुभवाच्या खेळाडूंचे आकडे बघतो. मंदीमुळे बाजार बसलाय याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. म्हणजे लवादाकडे दीड कोटीच्या घरातला आकडा आणि बाहेर ५० लाख. अशा वेळी कुठला खेळाडू नको म्हणेल? तोच अब्रेयू एंजल्ससाठी .२९३ च्या सरासरीने खेळला आणि त्याने १०३ रन बॅटिंग करून आणले, म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. प्रश्न खेळाडू चांगला आहे का हा नसतोच. लवादाचा आकडा आणि बाजाराचा आकडा यात अंतर किती, हा असतो.

तिसरी चूक: पिक हातात आलंच असं समजणं

ड्राफ्टमधलं पिक शेतातल्या पिकासारखंच. उभं दिसतं म्हणून घरात आलं असं नाही. मिलवॉकी ब्रूअर्सना हे एकाच हिवाळ्यात दोनदा कळलं. जुलै २००८ मध्ये त्यांनी सीसी साबाथियाला आणलं, मोसम संपल्यावर त्याला आर्बिट्रेशन दिलं, तो अपेक्षेप्रमाणे यँकीजकडे गेला. आता यँकीजचं पहिल्या फेरीचं पिक आपलं, असं वाटत असतानाच नाताळच्या तोंडावर यँकीजनी एंजल्सचा मार्क टेशेरासुद्धा उचलला. एकाच क्लबने असे दोन खेळाडू घेतले तर वरचं पिक कुणाला, हे एलियास कंपनीच्या गुणांकनावर ठरे, आणि टेशेराचे गुण साबाथियापेक्षा किंचित जास्त भरले. पिक क्रमांक २५ एंजल्सकडे गेलं. ब्रूअर्सच्या वाट्याला यँकीजचं दुसऱ्या फेरीचं, ७३ वं पिक आणि जोडीला पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या मधल्या जादा फेरीतलं एक.

२५ व्या क्रमांकावर एंजल्सनी न्यू जर्सीच्या मिलविलमधला एक शाळकरी मुलगा घेतला: माइक ट्राउट, बेसबॉलचा पुढचा सुपरस्टार.

ब्रूअर्सचा दुसरा धडा बेन शीट्स. त्यालाही आर्बिट्रेशन दिलं होतं, त्यानेही नाकारलं. पण त्याचं कोपर दुखावलेलं निघालं आणि २००९ चा अख्खा मोसम तो कुणाकडेच खेळला नाही. खेळाडू दुसरीकडे गेलाच नाही तर भरपाई कसली? ऑफर देताना डॉक्टरचा रिपोर्ट बघा, खेळाडू हो म्हणाला तरी तो कामाला येतो आणि नाही म्हणाला तरी.

चौथी चूक: दार बंद होतंय हे न बघणं

क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २००६ च्या करारापूर्वी एक जाचक कलम होतं. डिसेंबरच्या मुदतीत आर्बिट्रेशन दिलं नाही, तर जुन्या क्लबला १ मेपर्यंत त्या खेळाडूशी करारच करता येत नसे. डिसेंबर २००५ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजनी रॉजर क्लेमेन्सला ऑफर दिली नाही. आदल्या मोसमात त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेले रन, कमी तितका चांगला) १.८७ होता, पगार १ कोटी ८० लाख. लवादाचा आकडा कुठे गेला असता कुणास ठाऊक. मोसमाचे पहिले दोन महिने त्याच्याविना गेले आणि मेअखेरीस त्याने पुन्हा अॅस्ट्रोजशीच करार केला. ते कलम आता नाही, पण जुन्या नियमांनी सिम्युलेशन, म्हणजे लुटुपुटूचा क्लब चालवण्याचा खेळ, खेळणाऱ्यांनी विसरू नये.

होकार येऊन बसलाय, आता काय?

इथे माझीच फजिती सांगतो. न्यू जर्सीत आम्ही आठ जण, बहुतेक पुणे-नाशिककडचे, हिवाळ्यात एक घरगुती लीग चालवतो, मुद्दाम २००६ नंतरच्या जुन्या नियमांनी. खेळाडूच्या वतीने उत्तर देणारा एजंट म्हणजे आमच्यातलाच एक. मी एका ३७ वर्षांच्या हिटरला निव्वळ पिकच्या आशेने आर्बिट्रेशन दिलं. एजंटसाहेबांनी मिसळीचा घास गिळला, पाणी प्यायले आणि "अॅक्सेप्टेड" म्हणाले. माझ्याकडे त्या जागी आधीच दोन जण होते.

अशा वेळी वाटा चारच. पहिली, गप्प पैसे भरा आणि त्याला खेळवा. दुसरी, त्याच्याशी लांबचा करार करून वार्षिक आकडा खाली आणा. तिसरी सोरियानोची, म्हणजे ट्रेड. पण फ्री एजंट म्हणून करार केलेल्या खेळाडूला १५ जूनपर्यंत त्याच्या संमतीशिवाय हलवता येत नाही. म्हणजे पत्ते त्याच्या हातात, आणि समोरचा क्लबही तुमची अडचण ओळखून भाव पाडतो. चौथी वाट सॅन डिएगो पाड्रेजनी २००७ मध्ये वापरली. टॉड वॉकरने आर्बिट्रेशन स्वीकारलं, लवादापुढे केस जिंकली, ३९ लाख ५० हजार डॉलर मिळवले. मार्चमध्ये सराव शिबिरातच क्लबने त्याला मोकळं केलं. आर्बिट्रेशनचा करार तेव्हा पूर्ण गॅरंटीड नसे, त्यामुळे सुमारे चौथा हिस्सा देऊन भागलं. नियमात बसणारं, पण अशा क्लबशी पुढच्या वेळी एजंट कसा बोलेल याचा विचार करा.

त्या मिसळीनंतर मी वहीत तीन रकाने आखले. लवादाचा अंदाज. बाजाराचा अंदाज. आणि तिसऱ्यात, हा हो म्हणाला तर कोण जाणार, त्याचं नाव. आकडा नाही, नाव. तिथे नाव लिहिताना हात थांबला तर ऑफर देत नाही.

नाव बदललं, फास तोच

२०१२ च्या हिवाळ्यापासून भरपाई ठरवणाऱ्या टाइप ए, टाइप बी या खेळाडूंच्या श्रेण्या गेल्या आणि क्वालिफायिंग ऑफर आली. सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंची सरासरी, एक वर्ष, सगळ्यांना एकच आकडा. पहिल्या वर्षी तो १ कोटी ३३ लाख डॉलर होता, २०२५ मध्ये २ कोटी २० लाख २५ हजार. लवादाची अनिश्चितता संपली, होकाराची नाही. पहिल्या तीन हिवाळ्यांत एकानेही ऑफर स्वीकारली नाही, तेव्हा क्लब निर्धास्त झाले. २०१५ मध्ये कोल्बी रॅस्मस, मॅट वीटर्स आणि ब्रेट अँडरसन हो म्हणाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर १३ पैकी चौघांनी स्वीकारली.

दोन नवे सापळे लक्षात ठेवा. मोसमाच्या मध्यात ट्रेडने आलेल्या खेळाडूला ही ऑफर देताच येत नाही, त्यामुळे साबाथियासारखा जुलैत आणून पिक कमावण्याचा मार्ग बंद. आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच. ह्युन-जिन र्‍यूने २०१८ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सची ऑफर स्वीकारली, २०१९ मध्ये २.३२ ईआरए टाकला आणि टोरंटो ब्लू जेजकडे ४ वर्षांच्या ८ कोटींवर गेला. डॉजर्सना काहीच नाही. दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या केव्हिन गॉसमनने हेच केलं. २०२० मध्ये १ कोटी ८९ लाखांना हो, २०२१ मध्ये १४ विजय, मग ५ वर्षांचे ११ कोटी घेऊन तोही टोरंटोलाच.

पण गॉसमनच्या बाबतीत मी जायंट्सना दोष देणार नाही. त्या वर्षी त्यांनी १०७ सामने जिंकले. त्यांच्या वहीत तिसऱ्या रकान्यात बहुधा कुणाचंच नाव लिहावं लागलं नव्हतं.