आजी गप्प झाल्या की लगेच अँटिबायोटिक? वृद्धाश्रमातल्या स्टाफला कसं शिकवायचं

वृद्धाश्रमात अँटिबायोटिक डॉक्टर लिहितात हे खरं, पण बऱ्याचदा पेशंट न बघता फोनवरच सांगतात, फोन करते सिस्टर आणि सिस्टरला सांगते नाइटची मावशी. म्हणजे गोळी सुरू होणार की नाही हे निम्मं मावशीच्या बोलण्यावर ठरतं. त्यामुळे ट्रेनिंग मावश्या आणि वॉर्डबॉयपासून सुरू करा, नुसत्या नर्सेसना हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवून काही होत नाही.

पहिला विषय लघवीचा घ्या, सगळ्यात जास्त विनाकारण अँटिबायोटिक्स तिथेच जातात. कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची लॅब टेस्ट) जंतू आले म्हणजे इन्फेक्शन झालंच असं नसतं. अशा ठिकाणी राहणाऱ्या वयस्कर बायकांपैकी साधारण पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, आणि कॅथेटर (लघवीची नळी) महिन्याच्या वर असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. त्यामुळे नुसता वास येतोय, गढूळ दिसतेय एवढ्यावर सॅम्पल पाठवायचंच नाही, कारण एकदा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मुलगा फोनवर "मग औषध का नाही दिलं" विचारणार आणि डॉक्टरही लिहून मोकळे होणार.

मग बघायचं काय? नव्याने जळजळ, किंवा ताप आणि सोबत सारखी लघवी, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त असं काही. म्हाताऱ्या माणसांना ताप फार चढत नाही, म्हणून १०० फॅरनहाइट किंवा नेहमीपेक्षा २ डिग्री जास्त हा ताप धरायचा, आणि त्यासाठी प्रत्येकाचं नेहमीचं टेंपरेचर फाइलला हवं (जे सहसा नसतंच!). कोणी नुसतं गप्प झालं किंवा असंबद्ध बोलायला लागलं तर आधी शुगर, पाणी, पोट साफ झालं का, झोप, नवीन गोळी हे बघायचं. पण थंडी वाजतेय, धाप लागलीय, बीपी खाली, गुंगी आहे, किंवा कॅथेटरवाला पेशंट अचानक भ्रमात गेलाय, तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर.

आता फोन. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं काढून एकीला डॉक्टर करा आणि दुसरीला फोन लावायला सांगा. "काकांना युरिन इन्फेक्शन वाटतंय, काय देऊ?" हे बंद. त्याऐवजी "काका ८२ वर्षांचे, कॅथेटर नाही, कालपासून जेवण कमी, ताप ९८.४, जळजळ नाही, बीपी नेहमीसारखं, पाणी वाढवून दर चार तासांनी बघू का?" असं. (हार्ट-किडनीवाल्यांचं पाणी मात्र विचारूनच वाढवायचं.)

कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या स्ट्रिप्स काढून टाका. पाकिटावरची लाल रेघ मावश्यांना दाखवा, ती असली की चिठ्ठीशिवाय नाही. सिप्रो, लिव्होसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनी म्हाताऱ्यांच्या टाचेमागची जाड शीर (टेंडन) तुटू शकते, डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर शुगर धाडकन खाली येऊ शकते, हे सांगितलं की स्टाफ आपोआप सावध होतो, "रेझिस्टन्स" (जंतूंना औषध लागू न होणं) म्हणून काही हलत नाही.

त्रास नसेल तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक देत नाही हे नातेवाइकांना अ‍ॅडमिशनच्याच दिवशी सांगून ठेवा, आजारपणात कोणी ऐकत नाही.

एक साधी वही ठेवा : कोणाला, कशासाठी, कुठलं, किती दिवस, आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टरांना परत विचारलं का. हा शेवटचा रकाना रिकामाच राहतो, तेवढाच दर महिन्याला तपासा. आणि मावश्या सारख्या बदलतात, तेव्हा नवीन आलेलीला पहिल्याच आठवड्यात तो फोनचा खेळ खेळायला लावा.