वर्षाचा संकल्प नको, एका नक्षत्राचे उद्दिष्ट ठेवा
१ जानेवारीला केलेला वर्षभराचा संकल्प आपल्या विदर्भातील खेड्यांत बहुधा कापसाच्या वेचणीत आणि तुरीच्या कापणीतच विरून जातो. त्यात दोष मनाचा नसून मुदतीचा असतो, असे मला ठामपणे वाटते. शेतकरी पेरणीचा हिशेब नक्षत्रावर करतो, आणि सूर्याचे एक नक्षत्र साधारण १३ ते १४ दिवसांचे असते. स्वतःच्या उद्दिष्टालाही तेवढीच मुदत द्यावी.

‘यंदा बचत करीन’ असे न म्हणता ‘येत्या दोन आठवडी बाजारांना प्रत्येकी १०० रुपये बाजूला काढीन’ असे मोजता येईल अशा शब्दांत वहीत लिहावे. ती वही धान्याच्या कोठीजवळ खिळ्याला टांगावी आणि बाजाराला निघण्यापूर्वीच नोट डब्यात टाकून तारीख मांडावी; परतल्यावर उरेल ते टाकू म्हटले, की काहीच उरत नाही. एका वेळी एकच उद्दिष्ट पुरे.

मुदतीत जमले नाही, तर उद्दिष्ट निम्मे करावे. जमले, तर लगेच दुप्पट करण्याचा मोह टाळावा, कारण तोच बहुतेकांना नडतो. मृगाच्या पेरणीच्या धांदलीत नवे काही घेऊ नये. सोयाबीन घरात आल्यावर, दिवाळीच्या सुमारास, पुन्हा सुरुवात करावी.