गोव्यातल्या चोडण बेटाच्या चिखलात खेकडे टिपायला निघण्याआधी

फिडलर खेकड्याचा नर मोठी नांगी हलवतो, ती हालचाल चित्रित करून संगणकावर फ्रेमगणिक हाताने ठिपके देत मोजायची असेल, तर पिशवीत सगळ्यात आधी पट्टी टाका. कॅमेरा नंतर. मागच्या खेपेला पट्टी राहिली आणि एवढ्या स्वच्छ चित्रफितींतून एकही वेग सेंटिमीटरमध्ये निघाला नाही. नुसते पिक्सेल घेऊन करायचं काय?

ओहोटीची वेळ बघा. बेटावरच्या पक्षी अभयारण्याच्या हद्दीत शिरणार असाल तर वन खात्याची परवानगी. रायबंदरची फेरीबोट, पाणी, टोपी हे सांगायला नको. तिवईच्या (ट्रायपॉडच्या) पायांखाली मात्र फळ्या द्या. चिखलात ती हळूहळू रुतते आणि खेकडा जागचा न हलता हललेला दिसतो. म्हणून चौकटीत एक काठी रोवा आणि मोजताना तिच्यावरही ठिपके द्या. काठी सरकली म्हणजे कॅमेरा सरकला.

पट्टी चौकटीत कुठेतरी असून भागत नाही. खेकडा जेवढ्या अंतरावर, तेवढ्याच अंतरावर, कॅमेऱ्याला समोरासमोर हवी. खेकडा १ मीटरवर आणि पट्टी १० सेंटिमीटर अलीकडे असली, की प्रत्येक लांबी १० टक्क्यांनी कमी येते. माणूस जवळ गेला की खेकडा बिळात जातोच, तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी पट्टी धरून घ्या. झूम बदललात? पुन्हा पट्टी. तिवई उचललीत? पुन्हा पट्टी. नंतर आठवणीने मोजू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. संगणकाला पट्टीवरून मोजप्रमाण देताना १ सेंटिमीटर नको, पूर्ण १५ घ्या. क्लिकची चूक तेवढी विरळ होते.

फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, वहीत लिहा. २४० ने घेतलेली स्लो मोशन फाइल बऱ्याचदा ३० ची म्हणून उघडते; ट्रॅकर किंवा किनोव्हिया या चित्रफीत मोजायच्या सॉफ्टवेअरला खरा दर दिला नाही तर वेग आठपट कमी निघतो. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, नाहीतर नांगीच्या टोकाची रेघ होते.

टोक नेमकं कुठलं ते आधी ठरवा. दिसत नसेल ती फ्रेम रिकामी सोडा, अंदाजाने ठिपका देऊ नका. काही चित्रफिती दुसऱ्या दिवशी जुने ठिपके लपवून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक शोधनिबंधात द्या. स्मूदिंगशिवाय, म्हणजे ठिपक्यांतली बारीक थरथर गुळगुळीत केल्याशिवाय, त्वरण काढू नका. मूळ फाइल कापायची नाही, दोन प्रती, नावात तारीख आणि फ्रेमदर.