वाडग्याखालचं ओलं वर्तुळ

हाताने घडवलेला स्टोनवेअरचा, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या मातीचा, निळसर वाडगा हौसेने आणला होता. महिनाभरात आत करड्या रेघा दिसू लागल्या. तडे गेले असं वाटून जीव हळहळला, पण नखाला खाच लागेना. स्टीलच्या चमच्याने झिलईवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, सोडलेल्या धातूच्या खुणा होत्या त्या. खायच्या सोड्यात जरा पाणी कालवून मऊ फडक्याने चोळलं, रेघा गेल्या. तारेची घासणी मात्र अजिबात नको.

खरी अडचण निराळीच होती. वाडगा धुऊन, पुसून ठेवला तरी टेबलावर ओलं वर्तुळ उमटायचं. मायक्रोवेव्हमध्ये आमटी कोमट आणि वाडगा हात भाजेल इतका गरम! स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात, तेव्हा माती घट्ट होते. भाजणी कमी पडली तर बुडाच्या झिलई नसलेल्या कडेतून पाणी आत मुरतं आणि मायक्रोवेव्हमध्ये तेच तापतं.

खात्री करायची म्हणून वाडगा दोन दिवस उन्हात वाळवला. वजन ४१२ ग्रॅम. रात्रभर पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा केलं तर ४३१. म्हणजे साडेचार टक्क्यांहून जास्त पाणी! नीट भाजलेल्या भांड्यात ते दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं.

आता त्यात लसूण ठेवते. दुसऱ्या बरणीच्या झिलईवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहिली. रंग फिकटला, म्हणजे आंबटाने झिलईतलं काही उतरतं, म्हणून तिच्यात लोणचं घातलं नाही. रंग टिकला तरी झिलईत विषारी शिसं नाही असं मात्र ठरत नाही. ते कुंभारालाच विचारावं.