कुंडीत पाणी घातलं की लगेच खालून वाहतंय?

ते मुळांपर्यंत पोचलं असं समजू नका. माती आणि कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिश्रण फार वाळलं की आक्रसतं, कुंडीची कड सोडतं आणि पाणी त्या फटीतून थेट तळाला जातं. वर ओलं, आत भुसभुशीत कोरडं.

अशी कुंडी बादलीत निम्म्या उंचीपर्यंत पाण्यात ठेवा. प्लास्टिकची हलकी कुंडी तरंगते, तेव्हा बुडबुडे थांबेपर्यंत हाताने दाबून धरा. अर्ध्या-पाऊण तासात वरची माती काळपट दिसली की काढून निथळू द्या आणि फट मातीने बुजवा. पुढच्या वेळी बोट दोन पेरं खुपसून बघा. कोरडं लागलं तरच पाणी.

तळाशी खडीचा थर नकोच, त्याने पाणी उलट वरच्या मातीत अडून राहतं. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.