भिंत रंगवण्याआधी उतारा पाहा

गोव्यात वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन कलाप्रकल्प चालवण्याच्या कामाकडे हल्ली बरेच तरुण वळत आहेत. संचालक हे पद कानाला भारदस्त वाटले, तरी त्यात ब्रश हातात येण्याचे प्रसंग थोडेच असतात. सकाळ महापालिकेच्या पायऱ्यांवर जाते, दुपार कोटेशने आणि बिले जुळवण्यात जाते आणि संध्याकाळ वाड्यावर, म्हणजे वस्तीत, जाते, कारण माणसे कामावरून घरी परतल्याशिवाय कोणाशी नीट बोलणे होतच नाही. हे सारे घरच्यांना नोकरीसारखे वाटत नाही; मला ते अजूनही ऐकून घ्यावे लागते.

तुम्हाला चित्र येते, माणसे जमवता येतात, हे मी गृहीत धरतो. मला सांगायचे आहे ते भिंतीच्या मालकीविषयी, कारण आमचा एक संपूर्ण प्रकल्प तिथेच बुडाला. घरात राहणाऱ्या वयस्कर बाईंनी आनंदाने होकार दिला होता, मुलांना बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, रंगाचे डबे ठेवू दिले होते. चित्र पूर्ण होत आले, तेव्हा लिस्बनला राहणाऱ्या त्यांच्या दिराच्या वतीने वकिलाचे पत्र आले आणि आठवडाभरात भिंतीवर चुना फिरला. पहिला हात पातळ बसल्याने चित्रातल्या मासळीच्या टोपलीची निळी कड तेवढी खालून दिसत राहिली.

दीर दुष्ट नव्हते. कायद्याने ते सहमालक होते. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही गोव्यात कुटुंब आणि वारसा यांपुरती चालू राहिली. तिच्यातील वारसाविषयक भागाची जागा आता गोवा विधानसभेच्या 2012 च्या कायद्याने घेतली असली, तरी मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वारसा मिळतो हे तत्त्व कायम आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे भावाबरोबर भावजयीचा आणि बहिणीबरोबर मेहुण्याचाही प्रश्न येतो. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्तेची यादी करून वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, होऊन वाटणी झालेली नसेल, तर दर्शनी भिंत आपल्या एकट्याची आहे असे घरातले कोणीच म्हणू शकत नाही, मग एक भाऊ लिस्बनला आणि बहीण इंग्लंडमधल्या स्विंडनला का असेना. म्हणून शहरात सिटी सर्व्हेचा आणि गावात एक-चौदाचा उतारा (जमिनीवर कोणाची नावे आहेत ते दाखवणारा सरकारी कागद) आधी काढा, त्यावरील प्रत्येक नाव आज हयात आहे का ते विचारा, आणि नसेल तर वारस कोण तेही विचारा. घर मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे असेल, तर अधिक जपा. 1975 च्या कायद्याने त्याला घरातून सहजासहजी काढता येत नाही, परंतु घर व जागा विकत घेण्याची प्रक्रिया अपुरी असल्यास भाटकाराशी चाललेल्या त्याच्या दाव्यात तुमचे चित्र विनाकारण पुरावा म्हणून उभे राहते. संमती लेखी घ्या, आणि चित्र किती वर्षे राहील व पुसण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल, हेही तिच्यात लिहून घ्या.

नगरसेवकाच्या एका फोनवर हे सगळे टळते, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. फोनवर मिळालेली भिंत पुढच्या निवडणुकीत प्रचाराची भिंत होते.

गुरूच्या बाबतीतही माझे मत एकांगी आहे. पणजीत 2016 पासून भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवासारख्या ठिकाणी स्वयंसेवक म्हणून जरूर काम करा, प्रकाशयोजना आणि मांडणी तिथे उत्तम शिकता येते. परंतु वाड्यातले कोणते घर कोणाशी बोलत नाही, हे दरवर्षी दिवाळीत जाळण्यासाठी नरकासुराचा सांगाडा उभा करणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. बांबू कुठे उधार मिळतात, हेही तोच सांगतो. बाहेरून आलेल्या मोठ्या क्युरेटरपेक्षा मी त्याच्याकडून अधिक शिकलो.

हे वाचून धीर सोडू नका, कारण कागद जमवायला गोव्याचा पावसाळा पुरेसा लांब आहे. जून ते सप्टेंबर बाहेरची भिंत तशीही हाती लागत नाही. जांभ्या चिऱ्याच्या, चुन्याचा गिलावा असलेल्या जुन्या भिंतीवर प्लॅस्टिक इमल्शन चढवले, तर आतली ओल कोंडते आणि पहिल्याच पावसात पापुद्रे सुटतात. तिथे चुन्यातले रंगच वापरावेत. चतुर्थीनंतर मुले नरकासुरात गुंततात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कार्निव्हल आणि शिगमोत्सवाच्या चित्ररथांचे काम येते, तेव्हा तारखा त्यांना विचारूनच ठरवा.

अनुदानाचे पैसे बहुधा उशिरा येतात आणि आधीचा पैसा कशावर खर्च झाला ते दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याखालील सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्च करायचा पैसा, हवा असेल, तर नोंदणीकृत संस्था लागते आणि तिची सीएसआर-1 नोंदणीही लागते. म्हणून पहिले काम एखाद्या क्लबाच्या किंवा वाचनालयाच्या आतल्या भिंतीवर, त्यांच्याच कार्यकारिणीचा ठराव घेऊन करा. परांची बांधणाऱ्याची आणि गिलावा करणाऱ्याची मजुरी मात्र अनुदानाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी द्या, आणि तेवढी रक्कम हाती नसेल, तर काम एका भिंतीवरून अर्ध्या भिंतीवर आणा.